मार्शलचे व्हॉइड रोज वेगळे येतात? डांबराचा टक्का बदलण्याआधी हे तपासा

मार्शल चाचणीत गरम डांबरमिश्रण साच्यात हॅमरने ठोकून त्याचा नमुना तपासतात. डिझाइनमध्ये व्हॉइड, म्हणजे नमुन्यातली हवेची पोकळी, ४.० टक्के. प्लँट सुरू झाला आणि साइट लॅबमध्ये सोमवारी २.३, बुधवारी ५.८, शुक्रवारी परत २.७. मग साइटवर ठरलेला सल्ला येतो: "डांबर पॉइंट तीनने उतरवा." उतरवले की दोन दिवस आकडे बरे दिसतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा दोष डांबरात नसतोच. तो तराजूत, पाण्यात, हॅमरखालच्या जमिनीत नाहीतर डस्टच्या (क्रशरच्या बारीक चुऱ्याच्या) ढिगात असतो.

खालचे आकडे बीसी (बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा थर) ग्रेड-२, व्हीजी-३० प्रतीचे डांबर, दोन्ही बाजूंना ७५ ठोके आणि आपल्या सातारा-सांगली पट्ट्यातला काळा पाषाण धरून दिले आहेत. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार व्हॉइड ३ ते ५ टक्के, व्हीएफबी (खडीच्या दाण्यांमधल्या जागेतला डांबराने भरलेला भाग) ६५ ते ७५ टक्के, स्टॅबिलिटी (नमुन्याने पेललेला कमाल भार) किमान ९ किलोन्यूटन आणि फ्लो (तोवर नमुना किती दबला) २ ते ४ मिमी हवा. डीबीएम (बीसीखालचा दाट डांबरी थर) ग्रेड-१ ला मोठी खडी असल्याने १५० मिमीचा मोल्ड आणि ११२ ठोके लागतात. तिथे आकडे बदलतात, तपासण्याचा क्रम हाच.

लक्षणे

तुमचा दोष यातल्या कशासारखा दिसतो ते आधी ठरवा. अर्धे निदान तिथेच होते.

- एकाच सेटच्या तीन मोल्डमध्ये (साच्यात ठोकलेल्या नमुन्यांत) जीएमबी, म्हणजे मोल्डची घनता, ०.०२ पेक्षा जास्त फिरते. हे लॅबचे दुखणे आहे, प्लँटला फोन करू नका.
- तीनही मोल्ड एकमेकांशी जुळतात, पण सेट डिझाइनपासून रोज एकाच बाजूला आणि जवळपास तेवढाच सरकलेला असतो. कागदावरची चूक किंवा जुना जीएमएम (मिश्रणाची पोकळीविना घनता).
- सकाळच्या पहिल्या दोन-तीन गाड्यांत व्हॉइड कमी, दुपारनंतर ठीक. ओली डस्ट.
- टेक्निशियन बदलला की आकडा बदलतो. फडके, ठोके किंवा तापमान.
- व्हॉइड बरोबर, पण व्हीएमए (खडीच्या दाण्यांमधली एकूण जागा) १८ च्या पुढे आणि व्हीएफबी ७८-७९. खडीची चुकीची घनता वापरली आहे.
- स्टॅबिलिटी १४-१५ किलोन्यूटन येते म्हणून सगळे खूश, पण फ्लो ४ च्या वर आणि व्हॉइड २ च्या आसपास. हा सगळ्यात फसवा प्रकार. स्टॅबिलिटी बघून माल पास करू नका. असाच रस्ता एप्रिल-मे महिन्यांत चाकोरीत चमकायला लागतो आणि पुढच्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यात नाल्या पाडतात.

हिशेबासाठी एक मिश्रण

पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरले आहे. डांबर मिश्रणाच्या वजनाच्या ५.४ टक्के. जीएमएम, म्हणजे पोकळी अजिबात नसलेल्या मिश्रणाची घनता, २.६२२. मोल्डची घनता जीएमबी २.५१७. खडीची बल्क घनता (दाण्यातली पाणी पिणारी छिद्रे धरून) २.८०, पाणी शोषण १.५ टक्के. व्हॉइड = (२.६२२ − २.५१७) ÷ २.६२२ × १०० = ४.० टक्के.

आता चुकांची किंमत बघा. डांबर ०.१ टक्क्याने हलले तर व्हॉइड साधारण ०.२५ ने हलतात. जीएमएम फक्त ०.०२ ने चुकला तर ०.७५ ने. फडक्याने पुसताना मोल्डवर २ ग्रॅम पाणी जास्त राहिले तर ०.३७ ने. म्हणजे ओल्या फडक्यातले २ ग्रॅम पाणी डांबरातल्या ०.१५ टक्के फरकाएवढे बोलते. जीएमएमची चूक तर ०.३ टक्के डांबराएवढी, आणि जेएमएफवर (मंजूर झालेल्या मिश्रणाच्या प्रमाणांवर) मिळणारी सूट तेवढीच आहे: उणे-अधिक ०.३.

१. आधी कागद. खर्च शून्य, वेळ अर्धा तास

शीट उघडा आणि चार गोष्टी बघा.

जीएमएम कुठला आहे? डिझाइनच्या दिवशीचाच आकडा चार महिने त्याच रकान्यात असेल तर इथेच थांबा आणि सरळ पाचव्या तपासणीकडे जा. प्लँटच्या मालाचा जीएमएम त्याच मालातून काढायचा असतो. जीएमबी आजची आणि जीएमएम जानेवारीचा असा संसार टिकत नाही.

डांबराचा टक्का कशाचा? मिश्रणाच्या वजनाचे ५.४ टक्के म्हणजे खडीच्या वजनाचे ५.७१ टक्के. डिझाइन एका भाषेत आणि प्लँटचा पॅनल दुसऱ्या भाषेत असेल तर ०.३ चा घोटाळा पहिल्या दिवसापासून सुरू असतो. ऑपरेटरला "किती सेट केले?" असे विचारू नका, "कशाचे किती?" असे विचारा.

खडीची घनता कोणती घातली? व्हीएमएला बल्क घनता लागते. आपल्या उदाहरणात ती २.८०, पण अपॅरंट घनता (ती छिद्रे वगळून) २.९२ येते. बल्क धरली तर व्हीएमए १५.० आणि व्हीएफबी ७३. अपॅरंट धरली तर व्हीएमए १८.५ आणि व्हीएफबी ७८. माल तोच, मोल्ड तेच, पण एका रकान्याने पास झालेले मिश्रण नापास होते. उलटही होते: खरोखर कमी व्हीएमएचे मिश्रण या चुकीने झकास दिसते. खडीचे शोषण जितके जास्त, तितका हा फरक मोठा.

चौथी गोष्ट मोल्डच्या उंचीचा गुणक. तो तिसऱ्या तपासणीत येईल.

२. तराजू, पाणी, फडके

तराजूखाली पाण्यात लोंबणारी टोपली टाकीच्या कडेला किंवा तळाला टेकत नाही ना ते बघा. टोपली पाण्यात असताना तराजू शून्य करा, मोल्ड ठेवण्याआधी हलवून तिचे बुडबुडे काढा. तारेवर गंज किंवा डांबराचा थर असेल तर तार बदला.

मोल्ड पूर्ण थंड झाल्याशिवाय पाण्यात घालू नका. बाहेरून गार लागला तरी आत गरम असतो. रात्रभर ठेवणे उत्तम. घाई असेल तर पंखा लावा, पण बादलीत बुडवून थंड करू नका. कोरडे वजन घेण्याआधीच पाणी आत शिरले तर पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो.

पाण्याचे तापमान २५ अंश, मोल्ड ३ ते ५ मिनिटे पाण्यात. मे महिन्यात सांगलीतल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३२ अंशांच्या पुढे असते. जीएमएम २५ अंशांवर आणि जीएमबी ३२ अंशांवर काढली, आणि पाण्याच्या घनतेचा गुणक लावला नाही, तर जीएमबी फुगते आणि व्हॉइड ०.२ ने कमी दिसतात. एकटा हा फरक कुणाला मारत नाही. पण असे तीन ०.२ एकाच बाजूला पडले की माल नापास.

फडके ओले करून घट्ट पिळलेले हवे. कोरडे फडके पोकळीतले पाणी ओढून घेते, नीट न पिळलेले वर पाणी सोडते. पुसणे आणि वजन मिळून दहा-पंधरा सेकंदांत व्हावे. एकच मोल्ड दोन जणांनी तीन-तीन वेळा तोलून बघा. फरक १ ग्रॅमच्या आत यायला हवा. येत नसेल तर हात बसेपर्यंत सराव करा, तोवर बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

मोल्डने स्वतःच्या आकारमानाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ही फडक्याची पद्धत चालतच नाही. त्याला मेण किंवा फिल्म लावून तोलावे लागते.

३. बाराशे ग्रॅमचा गैरसमज

पुस्तकात लिहिले आहे, मोल्डला १२०० ग्रॅम माल घ्या. तो आकडा २.३-२.४ घनतेच्या मिश्रणांतून आलेला आहे. आपला काळा पाषाण जड. २.५१७ घनतेचे १२०० ग्रॅम मोल्डमध्ये घातले की उंची येते ५९ मिमीच्या जवळ, हवी ६३.५ मिमी. १०१.६ मिमी व्यासाच्या मोल्डचे आकारमान ६३.५ मिमी उंचीला ५१५ घनसेंमी. म्हणजे आपल्याला १२९० ते १३०० ग्रॅम घ्यावे लागतात.

बुटक्या मोल्डने दोन गोष्टी बिघडतात. तेवढेच ७५ ठोके कमी मालावर पडतात, त्यामुळे तो थोडा जास्त दाबला जातो. आणि स्टॅबिलिटीला गुणक लावावा लागतो: ६१.९ मिमीला १.०४, ६०.३ ला १.०९, ५८.७ ला १.१४. उंच मोल्डला उलट, ६५.१ मिमीला ०.९६. गुणक न लावता दोन दिवसांच्या स्टॅबिलिटीची तुलना करणे फुकट आहे.

उपाय सोपा. एक मोल्ड बनवा, उंची मोजा, त्या प्रमाणात वजन बदला आणि तो आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा. खडीचा पुरवठा बदलला की पुन्हा.

४. तापमान आणि हॅमर

प्लँटचा नमुना लॅबपर्यंत येताना थंड होतो. मग तो ओव्हनमध्ये जातो, आणि चहा, जेवण, इंजिनिअरची वाट यात दोन-अडीच तास तिथेच राहतो. असा माल म्हातारा होतो. डांबर ताठरते, ठोके तेवढेच पडूनही दाब कमी बसतो, व्हॉइड वर जातात. शक्य तर नमुना उष्णतारोधक डब्यात आणा आणि लगेच मोल्ड भरा. पुन्हा गरम करणे टळणार नसेल तर वेळ ठरवून टाका आणि रोज तोच ठेवा. एका दिवशी ताजा आणि एका दिवशी तापवलेला, अशा आकड्यांची सरासरी काढू नका.

ठोक्याचे तापमान डांबराच्या पुरवठादाराच्या स्निग्धतेच्या तक्त्यावरून ठरवा, अंदाजाने नाही. थर्मामीटर मालाच्या मध्यात खुपसा. वरून मारलेली इन्फ्रारेड बंदूक फक्त कवचाचे तापमान सांगते. मोल्ड आणि हॅमरचे तोंडही ९० ते १५० अंशांपर्यंत तापलेले हवे. डिसेंबरच्या सकाळी पाचगणीच्या बाजूला पत्र्याच्या कंटेनरमध्ये गार मोल्डात भरलेला माल कडेला लगेच आखडतो. असा मोल्ड फोडला की कडेचे दाणे मोकळे सुटतात.

भरताना तापवलेल्या पट्टीने कडेने १५ आणि मध्ये १० वेळा टोचायचे. हे गाळले की मोल्डच्या तळाशी जाळी पडते.

हॅमर ४.५४ किलोचा, उडी ४५७ मिमी. टेपने मोजा. घासलेल्या वॉशरमुळे १०-१५ मिमी उडी कमी झालेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दांड्यावर डांबराचा चिकटा असेल तर वजन घासत खाली येते. केरोसीनने पुसा. यंत्राच्या हॅमरचे काउंटर ७५ दाखवते म्हणून ७५ पडले असे धरू नका, एकदा मोजा.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते हॅमरखालच्या ठोकळ्याकडे. २०३ मिमी चौरस, ४५७ मिमी उंच लाकडी ठोकळा, त्यावर २५ मिमी जाडीची पोलादी पाटी, आणि हे सगळे काँक्रीटला पक्के बांधलेले हवे. साइट लॅब म्हणजे बहुधा मुरुमावर ठेवलेला कंटेनर. त्याच्या पत्र्यावर ठोकळा ठेवला की प्रत्येक ठोक्याची थोडी ताकद पत्र्याच्या उसळीत जाते. हाताने ओळखता येते: ठोका पडताना शेजारी जमिनीवर तळहात ठेवा. थरथर जाणवली तर ती ताकद मोल्डमध्ये गेलेली नाही. कंटेनरबाहेर एक मीटर चौरस, फूटभर खोल काँक्रीट ओता आणि ठोकळा त्यावर बोल्टने आवळा. आठवडाभराने तिथे ठोकून बघा. या एका कामाने व्हॉइड एक टक्क्याने खाली आले तरी नवल वाटू देऊ नका.

५. जीएमएम. इथे वेळ द्या

कागद, तराजू आणि हॅमर ठीक असतील तर बहुतेक वेळा चोर इथे सापडतो.

या चाचणीत मोकळा माल भांड्यात पाण्याखाली ठेवून पंपाने त्यातली हवा ओढतात. नमुना पुरेसा घ्या: १३.२ मिमीच्या मिश्रणाला १५०० ग्रॅम, १९ मिमीच्या मिश्रणाला २००० ग्रॅम. गार होताना हाताने मोकळा करा, बारीक मालाची ढेकळे ६ मिमीपेक्षा मोठी राहू देऊ नका. ढेकळात अडकलेली हवा पंपाने निघत नाही. खडी फोडू मात्र नका, तुटलेला कोरडा चेहरा पाणी पितो.

पंप १५ मिनिटे, भांडे सतत हलते. नुसते ठेवून दिलेल्या भांड्यात तळचे बुडबुडे तिथेच राहतात. बुडबुडे सुटत नसतील तर द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका. पाणी २५ अंशांवर.

आता व्हॅक्यूमचा मुद्दा. भांड्यात उरलेला दाब पाऱ्याच्या ३० मिमी किंवा त्याहून कमी हवा. लॅबमधले साधे काट्याचे गेज मात्र बाहेरच्या हवेच्या तुलनेत किती ओढले ते दाखवते. समुद्रसपाटीला ते ७३० दाखवेल. साताऱ्यात हवेचा दाबच साधारण ७०० मिमी, म्हणून गेजवर ६७० आले की काम झाले. महाबळेश्वरला, १,३५० मीटरच्या आसपास, दाब साधारण ६४५. तिथे ६१५ पुरे. मुंबईच्या पुस्तिकेत ७३० लिहिले म्हणून वर डोंगरात पंप बदलत बसणारे लोक आहेत. उलट सांगलीत ६२० वर समाधान मानले तर भांड्यात पाऱ्याचे ९० मिमी दाब शिल्लक राहतो, हवा पूर्ण निघत नाही, जीएमएम कमी येतो आणि व्हॉइड खऱ्यापेक्षा कमी दिसतात. भांड्यातला खरा दाब दाखवणारे डिजिटल गेज घेतले की हा घोळ संपतो.

दुसरा मुद्दा डांबर पिण्याचा. १.५ टक्के पाणी पिणारी खडी डांबरही पिते, आपल्या उदाहरणात खडीच्या वजनाच्या सुमारे १ टक्का. पण लगेच नाही, त्याला वेळ लागतो. डिझाइन करताना मिश्रण कालवले आणि गार करून लगेच जीएमएम काढला तर पिणे अर्धवट राहते, जीएमएम कमी येतो. प्लँटचा माल सायलोत आणि डंपरमध्ये तासभर तापलेला असतो, त्याचा जीएमएम जास्त येतो. मग लोक म्हणतात, प्लँटवर व्हॉइड वाढले. डिझाइनचा माल ठोक्याच्या तापमानाला दोन तास ओव्हनमध्ये ठेवा, मगच मोल्ड आणि जीएमएम. जीएमएम २.६०२ चा २.६२२ झाला की पाऊण टक्का व्हॉइडचा हिशेब इथेच लागतो.

एकाच माणसाने एकाच मालावर केलेल्या दोन चाचण्यांत ०.०११ पेक्षा जास्त फरक नको. दोन वेगळ्या लॅबमध्ये ०.०१९. यापेक्षा जास्त असेल तर सरासरी काढू नका, परत करा.

६. नमुना आणि एक्स्ट्रॅक्शन

डंपरच्या ढिगाच्या पायथ्याशी मोठी खडी घरंगळून आलेली असते. तिथून फावडे भरले की डांबर कमी, व्हॉइड जास्त. वरचा थर बाजूला करून तीन ठिकाणांहून घ्या, एकूण २० किलोच्या वर. लॅबमध्ये तो क्वार्टरिंगने (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवून) कमी करा. ट्रेमधून खोऱ्याने उचललेला नमुना हा नमुना नव्हे.

एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे द्रावणाने डांबर धुऊन त्याचा टक्का काढण्यात, दोन चोर आहेत. पहिला ओल. मिश्रणात ०.३ टक्के पाणी राहिले तर तेही डांबर म्हणून मोजले जाते. नमुन्याची ओल वेगळी काढा आणि वजा करा. दुसरा बारीक भुकटी. सेंट्रिफ्यूजमधून द्रावणाबरोबर ती निसटते. १००० ग्रॅम नमुन्यात ४ ग्रॅम भुकटी गेली की डांबर ०.४ टक्के जास्त दिसते. गोळा झालेल्या द्रावणातली भुकटी जाळून किंवा गाळून मोजल्याशिवाय कुणाला "तुमचे डांबर जास्त" असे सांगू नका. फिल्टर कागद आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वाळवून तोला.

पेट्रोलने एक्स्ट्रॅक्शन करण्याची सवय अजून दिसते. शेजारी ओव्हन आणि गॅस शेगडी चालू असलेल्या पत्र्याच्या खोलीत ते करणे म्हणजे आगीला आमंत्रण. कोणतेही द्रावण असो, हवा खेळती ठेवा.

७. ढिगारे

एक्स्ट्रॅक्शननंतर उरलेली खडी चाळा. डस्ट कोरडी चाळू नका, धुऊन चाळा. बेसाल्टची भुकटी मोठ्या दाण्याला चिकटून राहते आणि कोरड्या चाळणीत ०.०७५ मिमीखालचा भाग कमी दिसतो. बीसी ग्रेड-२ ला तो ४ ते १० टक्के चालतो, पण तुमच्या जेएमएफपासून फक्त १.५ टक्के इकडे-तिकडे. व्हॉइड सगळ्यात जास्त याच चाळणीला घाबरतात. भुकटी वाढली की ती पोकळ्या भरते, व्हीएमए आणि व्हॉइड दोन्ही उतरतात. ४.७५ मिमीला सूट ५ टक्के, २.३६ ला ४ टक्के.

आपल्याकडच्या क्रशरवर उन्हाळ्यात डस्ट भुरभुरीत आणि पावसाळ्यानंतर चिकट. ढीग पाण्याने गळतो तेव्हा भुकटी तळाशी बसते. लोडरने वरून उचललेली डस्ट आणि तळातली डस्ट वेगळी असते. ढीग पक्क्या तळावर हवा, नाहीतर खालचा मुरूमही मिश्रणात जातो.

८. प्लँट

इथवर येईपर्यंत एक रुपयाही खर्च झाला नसेल, काँक्रीट सोडले तर. पुढे प्लँट थांबवावा लागतो.

ड्रम मिक्स प्लँटमध्ये पट्टा ओली खडी तोलतो. पॅनलमध्ये ओल टाकली नाही तर काय होते? ताशी १०० टन दाखवणाऱ्या खडीत सरासरी ४ टक्के पाणी असेल तर कोरडी खडी ९६ टन. डांबर मात्र १०० टनांच्या हिशेबाने पडते, मिश्रणात ५.४ ऐवजी ५.६. व्हॉइड अर्ध्या टक्क्याने खाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि वळवाचा पाऊस पडल्यावर, ओल रोज सकाळी तपासून पॅनलमध्ये टाका. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला डस्टवर ताडपत्री किंवा शेड हवीच. जत-आटपाडीला तिची गरज कमी पडते, पण वळीव तिथेही पडतो.

मग कोल्ड बिनचे (गार खडीच्या कप्प्यांचे) फाटक आणि पट्ट्याचा वेग. प्रत्येक बिन एकटा पाच मिनिटे चालवा, माल डंपरमध्ये घ्या, काट्यावर तोला. तीन वेगांवर. डस्टच्या बिनमध्ये माल अडकून भोक पडते, व्हायब्रेटर चालतो का ते बघा.

भुकटीचा रस्ता शोधा. ओल्या स्क्रबरचा (धूर पाण्याने धुणारा) प्लँट असेल तर भुकटी पाण्याच्या खड्ड्यात जाते आणि मिश्रणात कमी पडते, व्हॉइड वाढतात. बॅग फिल्टरचा प्लँट असेल तर ती परत मिश्रणात येते, आणि प्लँट थांबून सुरू झाला की एकदम गठ्ठ्याने येते. बॅच प्लँटमध्ये वरच्या जाळ्या फाटल्यात किंवा बुजल्यात का ते हॉट बिनमधल्या (गरम खडीच्या कप्प्यांतल्या) मालाच्या चाळणीवरून कळते. चुना किंवा सिमेंट घालणारा स्क्रू दमट हवेत चोंदतो. रोज किती गोण्या संपल्या ते मोजा.

हे सगळे झाल्यावरच डांबराचा पंप. तोही पॅनलवर न बघता टाकीतली घट आणि डंपरची वजने ताडून.

डांबर कधी उतरवायचे

बीसी ग्रेड-२ ला किमान डांबर ५.४ टक्के दिले आहे, पण ते २.७ घनतेच्या खडीला. खडी जड असेल तर त्याच प्रमाणात कमी करता येते: ५.४ × २.७ ÷ २.८० = ५.२. म्हणजे आपल्या उदाहरणात खाली जागा फक्त ०.२ ची. "पॉइंट तीन" काढले की ५.१, किमान मर्यादेच्या खाली, आणि मुळात दोष हॅमरचा असेल तर रस्त्यावर जाणारा माल खरोखरच कोरडा. असा रस्ता कास-बामणोलीच्या पावसात दुसऱ्याच वर्षी खडी सोडतो.

कुठे थांबायचे आणि कुणाला बोलवायचे

तराजू, प्रुव्हिंग रिंग (भार मोजणारी कडी) आणि वॉटर बाथ स्वतः "सेट" करू नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या संस्थेकडून कॅलिब्रेशन करून घ्या. रिंग कुणी उघडली असेल तर तिचा जुना तक्ता रद्द समजा.

जीएमएम दोन लॅबमध्ये जुळत नसेल तर मालाचा एकच नमुना वाटून तिसऱ्या ठिकाणी पाठवा. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ आहे. नेमकी हीच चाचणी होते का, आधी फोन करून विचारा.

डांबरावरच संशय असेल, टँकर बदलल्यापासून फ्लो वाढला असेल, तर ६० अंशांवरची स्निग्धता बाहेरून तपासून घ्या. व्हीजी-३० ला २४०० ते ३६०० पॉइज. साइटवर बोटाने ताणून डांबर ओळखता येत नाही.

बर्नर, गरम डांबराची लाइन, पंप आणि बॅग फिल्टरला हात लावायचा तो प्लँट कंपनीच्या इंजिनिअरनेच. १६० अंशांच्या डांबराचा दाबाखालचा फ्लँज सैल करणे हे लॅबच्या माणसाचे काम नाही.

खाणीचा चेहरा बदलला असेल तर दुरुस्ती थांबवा. दख्खनच्या खडकात घट्ट काळ्या पाषाणाच्या थरावर-खाली मांजऱ्या लागतो, पोकळ्यांचा, पांढऱ्या खड्यांचा. तो दिसायला काळपटच, पण पाणी दुप्पट पितो. क्रशरवरची खडी फोडून बघा, शोषण परत काढा. २ टक्क्यांच्या वर गेले तर ती खडी बीसीला चालत नाही. खाली असले तरी जुन्या जेएमएफपासून दूर गेले असेल तर टक्का इकडे-तिकडे करून भागणार नाही, नवे डिझाइन करावे लागते, आणि तोवर प्लँट बंद.

सगळे तपासूनही ताज्या जीएमएमवर सलग दोन सेट ३ टक्क्यांच्या खाली आले तर पुढची गाडी सोडू नका. खात्याच्या अभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि टाकलेल्या लांबीचे कोअर (रस्त्यातून कापलेले नमुने) कुठून काढायचे ते त्यांनाच ठरवू द्या.